फ्लोरेन्स नाइटिंगेल: साथ संपल्यानंतरची गोष्ट

फ्लोरेन्स नाइटिंगेल हे नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. रात्री हातात दिवा घेऊन आजारी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई, हे चित्रही आठवत असेल. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

पण ते चित्र त्यांच्या आयुष्यातल्या जेमतेम पावणेदोन वर्षांचे आहे. त्या ९० वर्षे जगल्या. युद्धावरून परतल्यावर त्यांना झोप लागेना, अन्न जाईना, माणसे नकोशी झाली. पुढची कित्येक वर्षे त्यांनी खोलीच्या बाहेर क्वचितच पाऊल टाकले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही. तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी कोणी नर्स असेल, तर मात्र ती तुम्हाला माहीत असायला हवी. कोविडच्या काळात आपण थाळ्या वाजवल्या, दिवे लावले. साथ ओसरल्यावर त्या सिस्टर घरी गेल्या. पुढे त्यांचे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही.

घरातूनच विरोध

फ्लोरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात झाला. त्यावरूनच त्यांचे नाव ठेवले. घर इंग्लंडमधले, अतिशय श्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. गणिताची फ्लोरेन्सना विशेष आवड होती.

विशीत त्यांनी नर्स व्हायचे म्हटल्यावर आई आणि बहीण हादरल्या. त्या काळी इंग्लंडमध्ये हे काम हलके समजले जाई. चांगल्या घरातल्या मुलीने इस्पितळात पाऊल टाकायचे नाही, असा समज होता. अनेक वर्षे त्यांना अडवून ठेवले गेले. त्या काळातल्या त्यांच्या खासगी टिपणांत खोल उदासी दिसते. तिशीच्या सुमारास तर जगण्यात काही अर्थ नाही, मरण आलेले बरे, असे विचार त्यांनी लिहून ठेवले आहेत. म्हणजे मनाचा त्रास युद्धाआधीपासून होता. ज्याला आधी असा त्रास होऊन गेलेला असतो, त्याला मोठ्या ताणानंतर तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. आम्ही डॉक्टर रुग्णाला जुना इतिहास विचारतो, तो यासाठीच.

१८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या कैसरवर्थ इथे तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनमधल्या एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली. हाताला काम मिळाले आणि मनही सावरले.

स्कुटारीचा हिवाळा

१८५४ हे वर्ष कॉलऱ्याचे होते. कॉलऱ्याची तिसरी मोठी साथ तेव्हा जगभर पसरलेली होती. लंडनच्या सोहो भागात त्या उन्हाळ्यात शेकडो माणसे मेली. फ्लोरेन्स तेव्हा मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये कॉलऱ्याच्या रुग्णांची सेवा करायला गेल्या होत्या. हाच कॉलरा क्रिमियाच्या युद्धावर निघालेल्या ब्रिटिश फौजेतही शिरला होता.

सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले, तेव्हा मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी फ्लोरेन्सना विनंती केली. ३८ स्त्रियांना घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलजवळच्या स्कुटारी इथे पोहोचल्या. तिथली एक मोठी बरॅक हेच रुग्णालय होते.

सुरुवातीला लष्करी डॉक्टरांनी या स्त्रियांना वॉर्डात येऊच दिले नाही. काही दिवसांतच इन्करमनच्या लढाईतले जखमी येऊन कोसळले आणि दारे उघडावी लागली. आत खाटा पुरत नव्हत्या. सदरे, साबण, टॉवेल, ताटवाट्या, कशाचाच पत्ता नव्हता. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. जखमांपेक्षा हगवण, कॉलरा, टायफस आणि उपासमारीनेच माणसे जास्त मरत होती. त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांहून अधिक सैनिक गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत पोहोचले होते.

दिवसभर सामानाची जमवाजमव, साहेबांशी वाद, वॉर्डातली कामे. रात्री आठनंतर इतर नर्सना वॉर्डात थांबण्याची परवानगी नव्हती. फ्लोरेन्स मात्र दिवा घेऊन फेरी मारत. त्यानंतर त्या मृत सैनिकांच्या घरी पत्रे लिहायला बसत. तुमचे माणूस आयसीयूत असताना, तुम्हाला आत सोडत नसताना, एखाद्या सिस्टरने फोनवर त्याची खबर दिली असेल, तर या पत्रांचे मोल तुम्हाला कळेल. पण पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूनेही एकदा पाहा. रोज कितीतरी घरांना मृत्यूची बातमी द्यायची आणि सकाळी पुन्हा कामाला उभे राहायचे.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेले आरोग्य पथक आले. त्यांनी गटारे साफ केली, हवा खेळती केली, पाणी सुधारले. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

स्वतःचा आजार

मे १८५५ मध्ये फ्लोरेन्स क्रिमियातल्या बालाक्लाव्हाची रुग्णालये पाहायला गेल्या आणि तिथे कडक तापाने आडव्या झाल्या. सुमारे दोन आठवडे त्या जगतात की मरतात अशी अवस्था होती. डोक्यावरचे केस कापावे लागले. डॉक्टरांनी इंग्लंडला परत जा म्हटले. त्या गेल्या नाहीत. अशक्त शरीराने पुन्हा कामाला लागल्या आणि शेवटचा सैनिक घरी जाईपर्यंत, जुलै १८५६ पर्यंत तिथेच राहिल्या.

हे वाचताना तुमचा ऊर भरून येईल. पण डॉक्टर म्हणून मला इथे काळजी वाटते. कोविडमधून उठून आठ-दहा दिवसांत पुन्हा ड्युटीवर गेलेल्या सिस्टर आठवतात. मोठ्या आजारानंतर शरीराला भरून यायला वेळ लागतो. तो वेळ आज दिला नाही, तर पुढे व्याजासकट द्यावा लागतो.

घरी परतल्यावर

इंग्लंडमध्ये त्यांच्या स्वागताची मोठी तयारी होती. फ्लोरेन्स 'मिस स्मिथ' असे नाव घेऊन गुपचूप आल्या आणि घरी जाऊन पोहोचल्या. मिरवणूक नको, भाषण नको, सत्कार नको.

घरच्यांना दिसली ती हाडांवर कातडे उरलेली बाई. जेवणाचा तिटकारा. रात्र-रात्र जाग. त्या काळातल्या त्यांच्या टिपणांत मेलेल्या सैनिकांची आठवण सतत येत राहते. आपण त्यांना तिथे मातीत सोडून आलो, ही भावना त्यांना सोडत नव्हती.

सैन्याच्या आरोग्याची चौकशी व्हावी यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत आकडे तपासताना एक गोष्ट ठळक झाली. ज्या स्कुटारीत त्या स्वतः राबत होत्या, तिथले मृत्यूचे प्रमाण इतर लष्करी रुग्णालयांपेक्षा जास्त होते, आणि कारण होते घाण व गर्दी. या जाणिवेने त्या आतून मोडल्या असाव्यात, असे काही इतिहासकार मानतात. काहींना हे मान्य नाही. मला त्यात न पडता एवढेच सांगायचे आहे की हे दुःख आजच्या नर्सलाही ओळखीचे आहे. काय करायला हवे ते कळत होते. ऑक्सिजन, खाट, माणसे, वेळ यांतले काहीच हाताशी नव्हते. आणि समोरचा रुग्ण गेला. दोष व्यवस्थेचा असतो, पण टोचणी मात्र त्या सिस्टरला लागते. याला हल्ली नैतिक जखम म्हणतात. ती रक्ततपासणीत दिसत नाही.

ऑगस्ट १८५७ मध्ये फ्लोरेन्स पार कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अन्न पाहताच मळमळ, कमालीचा अशक्तपणा. आपण आता जगत नाही असे वाटून त्यांनी निरोपाचे पत्रसुद्धा लिहून ठेवले. तेव्हा त्या ३७ वर्षांच्या होत्या. १८६१ च्या अखेरीस दुखणे आणखी बळावले. पाठीत असह्य वेदना सुरू झाल्या आणि पुढची सुमारे सहा वर्षे त्यांना चालता येत नव्हते.

आजार शरीराचा की मनाचा?

त्यांच्या डॉक्टरांना निदान करता आले नाही. काहींनी तर हे नाटक असल्याचे म्हटले. विसाव्या शतकाच्या शेवटी एका अभ्यासकाने त्यांच्या लक्षणांची जुळणी ब्रुसेलोसिस या आजाराशी केली. हा जंतूंचा आजार न उकळलेल्या दुधातून होतो आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उसळू शकतो. ताप, सांधे व पाठीचे दुखणे, थकवा आणि उदासी ही त्याची लक्षणे. त्या काळात त्याचा जंतूही सापडलेला नव्हता आणि उपचारही नव्हता. इतर काहींनी त्यांच्या त्रासात नैराश्य किंवा आघातानंतरचा मानसिक आजार पाहिला. इतक्या वर्षांनी पक्के निदान करणे कोणालाच शक्य नाही.

पण तुम्हाला उपयोगी पडेल असा एक धडा यात आहे. शरीर की मन, असा वाद घालत बसू नका. दोन्ही तपासा. सतत थकलेल्या नर्सला रक्तक्षय असू शकतो, थायरॉईड बिघडलेले असू शकते, साखर वाढलेली असू शकते, क्षयरोगही असू शकतो. त्याचबरोबर नैराश्यही असू शकते. एक सापडले म्हणून दुसरे नाही असे होत नाही. आणि सगळे रिपोर्ट चांगले आले, याचा अर्थ काहीच झालेले नाही, असाही होत नाही.

थकलेले मन आणि जवळची माणसे

या काळात फ्लोरेन्स बिछान्यावरून प्रचंड काम करत होत्या. लष्कराच्या आरोग्यावरचे अहवाल, रुग्णालयांच्या बांधणीवरचे लेखन, परिचर्येवरचे पुस्तक, १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सुरू झालेली नर्सिंगची शाळा. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आणि पुढे इथल्या खेड्यापाड्यांच्या आरोग्यावरही त्यांनी अनेक वर्षे लिहिले. त्या इथे कधी आल्या नाहीत, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

मात्र त्यांच्याजवळ राहणे सोपे नव्हते. भेटायला येणाऱ्याला त्या एकेकटेच भेटत. आई आणि बहीण खोलीत आल्या तरी त्यांचा त्रास वाढे. क्रिमियापासून त्यांची काळजी घेणाऱ्या माय आत्या १८६० मध्ये स्वतःच्या संसाराकडे परत गेल्या, तर फ्लोरेन्सनी तो विश्वासघात मानला आणि कित्येक वर्षे मनात राग धरला. त्यांचे जवळचे सहकारी सिडनी हर्बर्ट मूत्रपिंडाच्या आजाराने खंगत होते. फ्लोरेन्स त्यांना कामासाठी रेटत राहिल्या. ऑगस्ट १८६१ मध्ये हर्बर्ट गेले, आणि त्या दुःखाने फ्लोरेन्स पुन्हा खचल्या.

हे सांगण्यामागे त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. ताणाने पिचलेले माणूस नेहमी रडताना दिसेलच असे नाही. बऱ्याचदा ते चिडलेले दिसते. घरात भांडी आपटते, मुलांवर खेकसते, कोणाशी बोलत नाही. घरचे म्हणतात, हिचा स्वभावच बदलला. स्वभाव एकाएकी बदलत नसतो. तसे वाटले, तर आजाराचा विचार आधी करा. जो स्वतःला विश्रांती देत नाही, तो बहुधा दुसऱ्यालाही देऊ शकत नाही.

ॲग्नेस जोन्स यांचे जाणे

फ्लोरेन्स यांच्या शाळेत तयार झालेल्या ॲग्नेस जोन्स १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या गरिबांच्या रुग्णालयात मुख्य नर्स म्हणून गेल्या. तिथे बाराशेच्या वर रुग्ण होते. तिथला कारभार त्यांनी सुधारला, पण कामाच्या भाराखाली त्या झिजत गेल्या. फेब्रुवारी १८६८ मध्ये टायफसने त्यांचा मृत्यू झाला. वय ३५. फ्लोरेन्सना हा घाव फार लागला. त्यांनी ॲग्नेसवर लेख लिहिला आणि अधिकाधिक मुलींनी या कामात यावे असे आवाहन केले. एकीच्या खांद्यावर सगळा भार पडू द्यायचा नसेल, तर माणसे जास्त हवीत, हा हिशेब आजही तोच आहे.

नर्सच्या राहण्याकडेही फ्लोरेन्स यांचे लक्ष होते. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला झोपायला स्वतंत्र खोली असे आणि बसायला सर्वांची मिळून एक खोली. शिकणाऱ्या नर्सना त्या आपल्या घरी चहाला बोलावत, त्यांची विचारपूस करत. रुग्णाची सेवा करणाऱ्या बाईला स्वतःचे दार लावून झोपता आले पाहिजे, आणि कोणाशी तरी मोकळे बोलता आले पाहिजे. एवढी साधी गोष्ट त्यांनी नियमात बसवली.

हळूहळू उतार

फ्लोरेन्स यांच्या आयुष्यात एका दिवसात काही बदलले नाही. साधारण साठीच्या आसपास दुखणे कमी होत गेले. वेदना ओसरल्या, अंगाने त्या भरल्या, बोलण्यातली धार कमी झाली. म्हाताऱ्या आईची त्यांनी काळजी घेतली. बहिणीला सांधेदुखीने जखडले, तेव्हा तिच्याकडे त्या जाऊन राहू लागल्या. माय आत्यांवरचा रागही निवळला. भाच्या-पुतण्यांत आणि तरुण नर्समध्ये त्या रमू लागल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये झोपेतच त्यांचे निधन झाले. ज्या बाईने सदतिशीत निरोपाचे पत्र लिहून ठेवले होते, ती त्यानंतर ५३ वर्षे जगली.

त्यांच्या काळात यावर औषध नव्हते. म्हणून वीस-पंचवीस वर्षे गेली. आज तुमच्या घरातल्या सिस्टरला इतकी वाट पाहण्याचे कारण नाही.

तुमच्या घरात नर्स असेल तर

माझ्याकडे येणाऱ्या नर्स मनाची तक्रार घेऊन सहसा येत नाहीत. ॲसिडिटी, डोकेदुखी, पाठदुखी, झोप नाही, पाळी अनियमित, अशी सुरुवात असते. पुढे दोन प्रश्न विचारले की डोळे भरून येतात. म्हणून घरच्यांनी या खुणा लक्षात ठेवाव्यात:

- थकूनही झोप न लागणे, दचकून जाग येणे, वॉर्डातली वाईट स्वप्ने पडणे
- गेलेल्या रुग्णांचे प्रसंग नको असताना डोळ्यांसमोर येणे
- ड्युटीवर जायच्या विचाराने पोटात गोळा येणे, धडधडणे
- आधी आवडणाऱ्या गोष्टींत मन न लागणे, माणसे टाळणे
- रुग्णांविषयी काहीच न वाटणे, कोरडेपणा येणे
- सगळे माझ्यामुळेच झाले असे वारंवार म्हणणे
- झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे

मदत म्हणून तुम्ही काय करू शकता? रात्रपाळी करून आलेल्या बाईला घरात अखंड सहा-सात तास झोप मिळू द्या. त्या वेळेत स्वयंपाक, पाहुणे, मुलांचा अभ्यास दुसऱ्या कोणीतरी पाहा. तिला बोलायचे असेल तेव्हा ऐका. सल्ला देण्याची घाई करू नका. तुझी तर सवयच आहे, तू तर नर्स आहेस, असे म्हणू नका. तुम्ही रुग्ण असाल, तर सिस्टरला तिच्या नावाने हाक मारा आणि राग तिच्यावर काढू नका. तिला देवी म्हणालात, की तिला थकण्याची मुभा उरत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

वरच्या खुणा दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, किंवा त्यामुळे काम आणि घर दोन्ही बिघडू लागले, तर आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा. तपासण्या होतील आणि गरज असल्यास ते मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. समुपदेशन आणि औषधे यांचा बहुतेकांना चांगला उपयोग होतो. औषधे सुरू झाल्यावर फरक दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच बंद करू नका. या गोळ्या घेतल्या म्हणून नोकरी करता येत नाही, हा गैरसमज आहे.

जगण्यात अर्थ नाही, मेलेले बरे, असे ती म्हणाली, तर ते थट्टेवारी नेऊ नका. नर्सच्या हाताशी औषधे आणि इंजेक्शने असतात, त्यामुळे धोका जास्त असतो. तिला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मोफत आणि मराठीतही बोलता येते. हा नंबर आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.